आधीच घेतलेलं शुभेच्छापत्र ऐनवेळी सापडावं म्हणून

कोल्हापुरात महाद्वार रोडला खरेदीला गेलं की आत्याच्या साठीचं, भाचीच्या वाढदिवसाचं कार्ड आधीच घेऊन ठेवलं जातं. ऐनवेळी मात्र घर पालथं घातलं तरी मिळत नाही. घरी आल्या आल्या पाकिटामागे पेन्सिलीनं नाव-तारीख लिहा. बेत बदलला तर खोडता येतं. सगळी कार्डं एकाच, समजा निळ्या, फाइलमध्ये ठेवा. खरी युक्ती भिंतीवरच्या कॅलेंडरची: तारखेच्या आठ दिवस आधीच्या चौकोनात ‘आत्या, कार्ड, निळी फाइल’ असं लिहा. त्याच दिवशीच्या चौकोनात लिहून उपयोग नाही, पोस्टानं पुण्या-मुंबईला पोचायला वेळ लागतो. आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात पाकिटाचा गोंद ओल धरून आपोआप चिकटतो, तेव्हा झाकणाखाली बटर पेपरची पट्टी नक्की घाला.