खपलीचं पहिलं पाणी: नकाशा लाल व्हायची वाट पाहू नका

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ज्यांनी खपली गहू पेरला, त्यांचं पहिलं पाणी आता तोंडावर आलं आहे. पेरणीपासून १८ ते २१ दिवस. हे हुकलं तर पुढची सगळी पाणी वेळेवर देऊनही तूट भरून निघत नाही.

गेल्या रब्बीत मोहोळकडच्या एका रानात गेलो. पेरणीला २९ दिवस झालेले, पाणी दिलेलं नव्हतं. शेतकऱ्यानं मोबाईलवरचा उपग्रहाचा नकाशा पुढं केला, पिकाला ताण असला की तो लाल दिसतो. "साहेब, नकाशात सगळं सारखंच हाय की, ताण कुठंच दिसंना." मी खुरप्यानं एक रोप मातीसकट उचललं. वरची दोन बोटं माती भुकटी झालेली. बुडाशी मुकुटमुळांचे (खोडाच्या बुडातून फुटणाऱ्या मुळांचे) नुसते कोंब, टोकाला तपकिरी. फुटवा एकच. खाली ओल होती, पण ही मुळं वरच्याच थरात फुटतात. तो थर सुकला की मुळं थांबतात आणि फुटवेही.

नकाशा खोटा नव्हता. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. तीन आठवड्यांच्या गव्हात त्या गुंठ्यात पिकापेक्षा मातीच जास्त दिसते. एनडीव्हीआय, म्हणजे ज्यावरून हा नकाशा रंगवतात तो आकडा, पानांचा हिरवेपणा मोजतो, मुळांचं त्याला कळत नाही. बांधाला ऊस असेल तर कडेचा ठिपका उगाच हिरवागार दिसतो.

म्हणून पेरणीची तारीख वहीत लिहा. माझा अंदाज असा: हलक्या रानात १८ व्या दिवशी, भारी काळ्या रानात २१ व्या. दोन बोटांखालची माती मुठीत दाबा. गोळा वळला नाही तर वीज रात्रीची असली तरी पाणी सोडा. रानाला भेगा पडू देऊ नका, मग पाणी भेगेतच मुरतं.

उपग्रहाचा खरा उपयोग रान झाकल्यावर, ४० दिवसांपुढं. दर ५ दिवसांनी नवं चित्र येतं, कोपर्निकस या युरोपच्या उपग्रह कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर फुकट. त्यासाठी कुणाची वर्गणी भरू नका. मागच्या दोन-तीन वर्षांची जानेवारीतली चित्रं शेजारी ठेवून बघा. दरवर्षी तोच तुकडा फिका असेल तर तिथं मुरूम वर आहे किंवा जमीन क्षारानं चोपण झाली आहे. त्याचा माती नमुना वेगळा काढा. फिका पट्टा यंदाच दिसला तर आधी तिथं पाणी पोचलं का ते बघा.

बाकीची कामं:
- पुढची पाणी: ४०–४५, ६०–६५, ८०–८५ दिवस
- नत्राचा राहिलेला हप्ता पहिल्या पाण्याबरोबर. गावरान खपली उंच वाढते, जास्त युरियानं लोळते
- वाफसा आला की खुरपणी
- मावा वाढलाच तर थायामेथोक्झाम २५ टक्के, १० लिटर पाण्यात १ ग्रॅम. मावा खाणारे ढालकिडे भरपूर असतील तर थांबा

पिवळेपणा दिसला की दुकानदार टॉनिक आणि बुरशीनाशकाचा जोड फवारा गळ्यात मारतो, आता तर ड्रोनसकट. खपली तांबेरा रोगाला मुळातच सहसा दाद देत नाही. ते पैसे पाइप आणि तुषार संचाच्या दुरुस्तीला घाला.

१५ नोव्हेंबरला पेरलं असेल तर ६ डिसेंबर ही शेवटची तारीख धरा. मोटर आणि स्टार्टर आजच तपासून ठेवा.