घरातलं वयस्कर माणूस जेलमध्ये असेल तर तब्येतीकडे लक्ष कसं ठेवायचं

आधी एक लक्षात घ्या, जेलमध्ये शरीर लवकर म्हातारं होतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी पन्नाशी-पंचावन्नलाच वयस्कर धरतात. त्यामुळे "अजून साठी कुठे झालीय" म्हणून गाफील राहू नका.

पहिलं काम औषधांचा कागद. गोळीचं मूळ नाव (कंपनीचं नको, आत दुसऱ्या कंपनीची मिळू शकते), किती एमजी, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, कशाची अ‍ॅलर्जी, सगळं एका पानावर लिहून जुन्या रिपोर्टच्या झेरॉक्ससकट जेलच्या डॉक्टरकडे लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. चष्मा, कवळी, कानाचं मशीन यासाठीही अर्जच करा. खालचा बेड मागा, वरून उतरताना पडून खुबा मोडला की माणूस अंथरुणालाच खिळतो.

भेटीत नुसतं "बरं आहे ना" विचारू नका, ते हो म्हणणारच! कपडे ढगळ झालेत का बघा, शुगर असेल तर पायाला जखम आहे का, रात्री किती वेळा उठावं लागतं ते विचारा. तेच तेच बोलतायत, वार विसरतायत असं वाटलं तर लगेच कळवा, कारण ऐकू न येणं किंवा विसरणं हे आत मुद्दाम केलेला उद्धटपणा समजून शिक्षासुद्धा होते.

दाद लागत नसेल तर अर्जात नेल्सन मंडेला नियमांमधला (कैद्यांना कसं वागवावं याचे, संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मंजूर केलेले नियम) नियम २४ लिहा, बाहेर मिळतात त्याच दर्जाचे उपचार कैद्याला मिळावेत असं त्यात आहे. कायद्याइतकं बंधन नाही त्याचं, पण वकिलाला उपयोगी पडतं.