पोर एका जागी बसत नाही? मग खेळायला घ्या

पोर केजीत किंवा पहिलीत असलं की शाळेतून एक निरोप हमखास येतो, "एका जागी बसत नाही हो". मग आपण काय करतो, तर घरी आल्यावर त्याला अजून तासभर बसवतो, वहीत गिरवायला. मी पण केलंय हे, उपयोग शून्य आणि वर रोजची रडारड. शेवटी आमच्याकडे लागू पडलं ते तळ्यात-मळ्यात.

हसू नका, त्यात काय चालतं ते बघा. खडूने एक रेघ मारायची, अलीकडे मळा, पलीकडे तळं. दोन-चारदा सरळ खेळायचं आणि मग मध्येच लागोपाठ दोनदा "मळ्यात" म्हणायचं. अंग उडी मारायला निघालेलं असतं आणि डोक्याने ते धरून ठेवायचं असतं, सगळी मजा तिथेच आहे. बाईंचं बोलणं संपेपर्यंत उत्तर ओरडायचं नाही, नंबर येईपर्यंत थांबायचं, त्यालाही हेच धरून ठेवणं लागतं. जमायला लागलं की नियम उलटा करा, तळ्यात म्हटलं की मळ्यात उडी. आजोबांना पण घ्या, त्यांची पण तारांबळ उडते. 10 मिनिटं बास, कंटाळा यायच्या आत थांबायचं.

आता गणित. सापशिडी बहुतेकांकडे असतेच पण खेळताना एक बारीक गोष्ट सुटते. सोंगटी 14 वर आहे, फासा 3 पडला, तर पोरं "एक, दोन, तीन" म्हणत सरकतात. तसं नको, ज्या घरात जाल त्या घराचा आकडा मोठ्याने म्हणायचा, पंधरा, सोळा, सतरा. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना दोन्ही पद्धतींनी खेळवून बघितलंय, घरातला आकडा म्हणणाऱ्या मुलांची आकड्यांची समज जास्त सुधारली. आणि मराठीत तर याची गरज डबल, कारण बोलताना आधी एक मग वीस आणि लिहिताना आधी 2 मग 1, म्हणून "एकवीस" ऐकून 12 लिहितात बिचारी. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी "वीस एक" आलं तेव्हा केवढा गदारोळ झालेला आठवतंय ना? तो वाद राहू दे, पटावर 21 वर बोट आणि तोंडाने एकवीस, हे खेळता खेळता कितीदा तरी होतं आणि कोणी गिरवायला सांगतंय असं वाटत पण नाही.

सागरगोटे मिळाले तर बेस्ट, नाहीतर पाच गुळगुळीत खडे घ्या. एक वर उडवायचा आणि खालचे चार आधी एकेक उचलायचे, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. म्हणजे चारची बरीचशी फोड हातातून जाते. पहिले काही दिवस नुसते खडे सांडतील, सांडू देत. बोटं आणि नजर एकत्र चालायला लागली की पेन्सिल धरायला पण सोपं जातं. कणिक मळू दिली तरी बोटांना तोच व्यायाम, फक्त ओटा पुसायची तयारी ठेवा.

भातुकली आणि दुकान-दुकान मुलग्यांनी पण खेळायचं, हे वेगळं सांगायला लागू नये. चिंचोका म्हणजे पैसे, पान म्हणजे पोळी. एक वस्तू दुसऱ्या कशाची तरी म्हणून चालते हे ज्याला कळलं त्याला "क" हा आकार म्हणजे एक आवाज हे पण पटतं. दुकानात एक कोरा कागद आणि खडू ठेवा बस, यादी आणि बिलं आपोआप लिहिली जातात, वेडीवाकडी का होईना. दुरुस्त करायला जाऊ नका!!

आणि इथेच आपलं सगळं चुकतं. आपण मध्ये बोलतो. "बघू, किती झाले? हा कुठला रंग?" म्हटलं की खेळाचा क्लास झाला, पोर उठून जातं. विचारलं तरच बोला, राज्य आलं तर राज्य घ्या. भांडणं झाली, कोणी रडीचा डाव खेळलं तर दोन मिनिटं थांबून बघा, बहुतेक वेळा नवा नियम त्यांचा तेच काढतात. छोट्या भावंडाला कच्चा लिंबू करून घेणं ही किती शहाणी सोय आहे, मोठ्यांच्या कुठल्या मीटिंगमध्ये असते का अशी?

महागडे एज्युकेशनल सेट घेऊ नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं ते शंख-शिंपले, बिया, पानं असल्या आसपासच्या वस्तूंवर. 2020 चं शिक्षण धोरण आता 3 ते 8 वयासाठी खेळातून शिकवा म्हणतंय, म्हणजे शाळेत "नुसतं खेळवतात" अशी तक्रार घेऊन जायच्या आधी जरा थांबा.

अंगण नसेल तर गच्चीवर खडूने ठिकरीची घरं आखा, पार्किंगमध्ये लंगडी घाला. दिवाळीत किल्ला विकत आणू नका, माती आणि दगड आणून द्या आणि बाजूला बसा. आमचा बुरूज दोनदा ढासळला, तिसऱ्यांदा लेकीने खाली मोठे दगड लावले, मी एक शब्द बोलले नाही, आणि ते न बोलणं मला किती जड गेलं काय सांगू.