शाळेच्या फाटकाशी अडणाऱ्या मुलाची धास्ती कशी उतरवावी

सकाळी दुखणारे पोट शाळेची बस निघून जाताच बरे होते, असे आठवडाभर चालले, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि शाळेत कोणी त्रास देत नाही ना, याची वर्गशिक्षिकेकडे चौकशी करावी. ते दुखणे खोटे नसते. भीतीने पोटात खरोखरच कळ येते, म्हणून ‘नाटके करू नकोस’ हे वाक्य घरातून हद्दपार करावे.

भीतीला ० ते १० गुण मुलाकडूनच द्यायला लावून पायऱ्या लिहून काढाव्यात: गणवेश घालून फाटकापर्यंत, मग पहिले दोन तास, मग मधली सुट्टी. चार मोजत श्वास घेऊन सहा मोजत सोडण्याचा सराव घरीच करून ठेवावा.

खरी कसोटी पायरीवर थांबण्याची असते, आणि मी तिथेच चुकलो. इंदूरला रामबागेतून मुलाला स्कूटरवर नेताना फाटक दिसले की तो मागून माझा शर्ट मुठीत आवळायचा. तिसऱ्या दिवशी मला ते सोसवले नाही, म्हणून स्कूटर वळवून मी त्याला पोहे-जलेबी खायला नेले. मूठ लगेच सुटली; दुसऱ्या दिवशी मात्र तो घराच्या जिन्यातच बसून राहिला. भीती शिगेला असताना माघार घेतली, की ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढेच मन शिकते. म्हणून गुण निम्म्यावर येईपर्यंत, मग दहा मिनिटे लागोत की पाऊण तास, तिथेच उभे राहावे. त्या वेळात मोबाईल हातात देऊ नये, आणि ‘काही होणार नाही’ हे तर पुन्हापुन्हा मुळीच सांगू नये, कारण मुलाला त्या आश्वासनाचीच सवय लागते. ‘तुला भीती वाटतेय हे दिसतंय मला, आपण इथंच थांबू’ एवढे पुरे. पायरी फारच उंच निघाली, तर दुसऱ्या दिवशी अधली एखादी पायरी घालावी.

इंदूरच्या राजवाडा परिसरातल्या बाजाराच्या गर्दीत किंवा लिफ्टमध्ये जीव घाबरा होणाऱ्या मोठ्यांनाही हीच रीत लागू पडते. मात्र झोप-जेवण उडाले असेल, तर पायऱ्यांवर विसंबू नये, मानसोपचारतज्ज्ञांना गाठावे. जगणे नकोसे झाल्याचे बोलणे कानावर आले, तर त्याच दिवशी. २०२२ साली सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मिळते.

रविवारच्या सुट्टीनंतर गुण पुन्हा चढतात. सोमवारी एक पायरी खालूनच सुरुवात करावी.