पेन्शनचा आदेश हाती आला की काय वाचायचं

आमच्या अमळनेरात निवृत्त मंडळी पासबुक पुढे करून विचारतात, "मनी पेन्शन कमी काबर उनी?" (माझी पेन्शन कमी का आली?) कोषागारात नोकरी केल्यामुळे मी आधी पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश मागतो. उत्तर बहुतेक वेळा त्यातच असतं. हे राज्य शासनाची जुनी पेन्शन योजना लागू असलेल्यांसाठी सांगतोय.

आधी नाव, जन्मतारीख आणि जोडीदाराचं नाव आधार व पासबुकाशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. मग 'अंशराशीकरण' शोधा. मराठीत असूनही सगळ्यात जास्त माणसं याच शब्दाला अडतात. पेन्शनचा काही भाग, जास्तीत जास्त ४० टक्के, विकून एकरकमी पैसे घेणं म्हणजे अंशराशीकरण. समजा मूळ पेन्शन ३०,००० आहे आणि ४० टक्के विकली, तर महिन्याला १२,००० कापले जाऊन १८,००० उरतात. महागाई वाढ मात्र पूर्ण ३०,००० वरच मिळायला हवी. ती १८,००० वर लावलेली दिसली तर लगेच लेखी अर्ज द्या. कपात १५ वर्षांनी थांबते. ती तारीख आदेशावर पेनाने लिहून ठेवा आणि त्या महिन्याचं पासबुक जरूर भरून आणा.

'उपदान' म्हणजे ग्रॅच्युइटी, ती एकदाच मिळते.

आणि अर्ज देताना संकोच करू नका. पेन्शन हा शब्द लॅटिनमधल्या 'तोलणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आलाय. पूर्वी धातू तोलून देणं फेडत. दुसऱ्या बाजीरावांना कंपनी सरकार वर्षाला आठ लाखांची पेन्शन देई, ती १८५१ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर नानासाहेबांना नाकारली. तिथे देणाऱ्याची मर्जी होती. आपली तशी नाही. १७ डिसेंबर १९८२ ला डी. एस. नकारा यांच्या पेन्शनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की पेन्शन ही मेहेरबानी नसून हक्क आहे.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा: बँकेतल्या यादीवर सही करा, नाहीतर 'जीवन प्रमाण'वर ऑनलाइन भरा.

शेवटी कुटुंब निवृत्तिवेतनाचा, म्हणजे आपल्यामागे जोडीदाराला मिळणाऱ्या पेन्शनचा रकाना घरच्या बाईमाणसाला स्वतः वाचून दाखवा. साधारणपणे ते शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के असतं. पीपीओची एक झेरॉक्स त्यांच्या हवाली करा, आणि मृत्यूच्या दाखल्यासह अर्ज कुठल्या शाखेत द्यायचा ते त्यावरच लिहा.