शोभेच्या गवतांना पाणी देताना या चुका टाळा

पातीचं टोक तपकिरी दिसलं की हात आपोआप पाइपाकडे जातो. शोभेच्या गवतांचं बहुतेक नुकसान मी इथूनच सुरू होताना पाहिलं आहे. गवत तहानलेलं असलं तरी टोक वाळतं, मुळं चिखलात गुदमरली तरी टोकच वाळतं, पाण्यात क्षार जास्त असले तरी तेच होतं, आणि हंगाम संपत आला की काहीही बिघडलेलं नसतानाही होतं. म्हणजे पातीकडे बघून पाण्याचा निर्णय घेता येत नाही. त्यासाठी खाली वाकून माती पाहावी लागते.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी मातीतली नेमकी ओल, तोच इथेही कामाला येतो. ठोंबापासून वीतभर अंतरावर खुरप्यानं ८-१० सेंटिमीटर खोलवरची माती काढा आणि मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर फुटला, तर वाफसा आहे, आज पाणी नको. गोळाच होत नसेल तर पाणी द्या. बोटांतून ओल झिरपली किंवा मातीला आंबूस वास आला, तर पाणी बंद करा आणि निचऱ्याकडे बघा. रेताड मातीचा गोळा ओल असतानाही नीट होत नाही, तिथे हाताला लागणारा गारवा हीच खूण. वरचा थर कोरडा दिसला म्हणून फसू नका. वर धूळ आणि खाली चिखल हे चित्र जड मातीत नेहमीचं आहे.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. कडक उन्हात गवत आपली पाती आतल्या बाजूला वळवून सुरळीसारखी करतं. पातीतल्या काही मोठ्या पेशींमधलं पाणी कमी झालं की पात मिटते आणि बाष्पीभवन घटतं. दुपारची ही सुरळी म्हणजे लगेच संकट नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बघा. पहाटेही पाती मिटलेलीच असतील आणि माती कोरडी असेल, तर गवताला खरोखर तहान लागली आहे.

सगळ्या गवतांना एकच माप

ही चूक सर्वांत महागात पडते, कारण ‘गवत’ या एका शब्दाखाली अगदी वेगळ्या स्वभावाच्या वनस्पती शेजारी शेजारी लावल्या जातात. मिसकँथस, फाउंटन ग्रास, पंपास, मुहली ग्रास, स्विचग्रास ही उष्ण हंगामाची गवतं. ती उन्हाळ्यात जोमानं वाढतात आणि थंडीत झोपतात. ब्लू फेस्क्यू आणि फेदर रीड ग्रास थंड हंगामाची. त्यांची वाढ साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसला चांगली होते आणि कडक उन्हाळ्यात ती थबकतात. अंब्रेला पाम तर गवतच नाही, तो लव्हाळ्याच्या कुळातला. त्याला पाय पाण्यात असलेलेच आवडतात. मोंडो ग्रासही नावापुरतंच गवत आहे, त्याला सावली आणि सतत हलकी ओल लागते.

आता या सगळ्यांना एका ठिबक नळीवर ठेवलं तर काय होणार? अंब्रेला पामच्या मापानं पाणी सोडलं की फेस्क्यू कुजतो, फेस्क्यूच्या मापानं सोडलं की अंब्रेला पाम वाळतो. माझे ब्लू फेस्क्यूचे तीन ठोंब असेच गेले. उन्हाळ्यात त्यांची वाढ थांबली, मला ते तहानलेले वाटले, म्हणून पाणी वाढवलं. महिन्याभरात बुंध्याशी पाती हाताला सुटून यायला लागली. झोपेत असलेल्या गवताला पाणी पाजून जागं करता येत नाही, हे मी त्या वर्षी शिकलो. तेव्हापासून लावतानाच पाण्याच्या गरजेनुसार गट करतो आणि ते ज्यांना शक्य आहे त्यांनी नक्की करावं.

रोज झारीभर

रोज थोडं थोडं पाणी दिलं की वरची २-३ सेंटिमीटर माती ओली राहते आणि मुळं तिथेच घोटाळत राहतात. मग दोन दिवस गावाला गेलात की गवत माना टाकतं. गवताची तंतुमुळं खोल जाऊ शकतात, पण त्यासाठी खाली ओल असायला हवी.

वाढीच्या काळात, पाऊस नसताना, आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी हा चांगला प्रारंभबिंदू आहे. याचा अर्थ एका चौरस मीटरला २५ लिटर. ठोंबाचा मुळांचा पसारा अर्धा मीटर लांब-रुंद धरला, तर सुमारे ६ लिटर. हे पाणी रेताड मातीत साधारण ३० सेंटिमीटर खोल उतरतं, जड चिकण मातीत जेमतेम १०-१२. त्यामुळे रेताड जमिनीत तेच पाणी दोन वेळा विभागून द्यावं, कारण ते लवकर निघून जातं. चिकण मातीत थोडं ओतावं, वीस मिनिटं मुरू द्यावं, मग उरलेलं ओतावं.

नव्या रोपांना मात्र हा हिशोब लावू नका. पिशवीतून काढलेल्या रोपाची सगळी मुळं अजून त्या मूठभर गोळ्यातच असतात आणि तो गोळा बहुतेक कोकोपीटचा, भुसभुशीत असतो. भोवतालची जमीन ओली असूनही गोळा मधेच कोरडा पडतो. पहिले दोन-तीन आठवडे एक-दोन दिवसांआड, अगदी बुंध्याजवळच्या गोळ्यात पाणी मुरेल असं द्या. मग हळूहळू अंतर वाढवा आणि पाणी बाहेरच्या बाजूला सरकवा. पहिला हंगाम पूर्ण होईपर्यंत लक्ष हवंच. ठोंब मोठा झाल्यावर ठिबकची तोटी अजूनही पहिल्या दिवशीच्या जागी, थेट बुंध्यात टपकत असेल, तर ती २०-३० सेंटिमीटर बाहेर घ्या. गवताचा प्राण बुंध्यात असतो, नवे फुटवे तिथूनच येतात, आणि तीच जागा सतत ओली ठेवली की कूज लागते. आच्छादनही बुंध्यापासून चार बोटं दूर असावं.

पावसाळ्यात उन्हाळ्याचं आळं

उन्हाळ्यात पाणी थांबावं म्हणून आपण ठोंबाभोवती आळं करतो. पहिला मोठा पाऊस पडला की तेच आळं डबकं होतं. पावसाळा लागताच आळ्याची कड एका बाजूनं फोडा. जमीन सपाट आणि चिकण असेल, तर फेस्क्यूसारखी कोरड्या उताराची गवतं १५-२० सेंटिमीटर उंच वाफ्यावर, खडी मिसळलेल्या मातीतच लावावीत. टायमर बंद करायला विसरणं ही साधी चूक, पण फार ठिकाणी घडते.

याच्या उलटही घडतं. पाऊस पडतोय म्हणून आपण निर्धास्त असतो आणि छज्ज्याखालचा ठोंब तहानेनं वाळत असतो. मोठ्या मिसकँथसच्या दाट पात्यांवरूनही हलका पाऊस बाहेर ओघळतो, बुंध्याशी माती कोरडी राहते. पावसानं ओढ दिली की आठ-दहा दिवसांनी एकदा माती तपासाच.

लोळलेला ठोंब

पीक लोळतं तसं शोभेचं गवतही लोळतं. तुरे यायच्या सुमारास ठोंब मधोमध फाटून चारी बाजूंना आडवा होतो. वारा निमित्त असतो. कारण बहुतेक वेळा भरपूर पाणी, भरपूर नत्र आणि अपुरं ऊन हे असतं. पाती भराभर वाढतात, पण ती मऊ राहतात. त्या वर्षापुरता सुतळीनं बांधून आधार द्या, पाण्याचं अंतर वाढवा आणि युरिया थांबवा.

संध्याकाळी वरून फवाऱ्यानं पाणी देत असाल तर तेही थांबवा. पाती रात्रभर ओली राहिली की तांबेरा या बुरशीच्या रोगाला अनुकूल हवा मिळते, शिवाय भिजलेल्या तुऱ्यांच्या वजनानं काड्या वाकतात. पाणी सकाळी आणि मातीत द्यावं.

मधोमध पोकळ पडलेल्या जुन्या ठोंबाला मात्र पाणी हा उपायच नाही. तो वयाचा परिणाम आहे. वाढ सुरू होण्याच्या सुमारास ठोंब उपटा, कडेचे जोमदार भाग कुदळीनं तोडून पुन्हा लावा आणि त्यांना नव्या रोपासारखं पाणी द्या.

थंडीत

उष्ण हंगामाची गवतं थंडीत वाळक्या पेंढ्याच्या रंगाची होतात. ती मेलेली नसतात, त्यांना हिरवं करायच्या नादात पाणी ओतू नका. रुजलेल्या ठोंबाला, कोरडा काळ लांबला तर तीन-चार आठवड्यांनी एकदा पाणी पुरतं. जिथे जमीन गोठते तिथे तापमान ५ अंशांच्या वर असताना, दुपारी द्यावं. सौम्य थंडी असलेल्या भागात फेस्क्यूचं वेळापत्रक उलटं असतं. त्याची वाढ याच दिवसांत होते, म्हणून त्याला आता नियमित पाणी हवं.

थंडी सरताना ठोंब १०-१५ सेंटिमीटरवर कापला की पाणी आणखी कमी करा. पातीच नाही तर पाणी उडणार कुठून? नवे फुटवे वीतभर वाढल्यावर हळूहळू पूर्वपदावर या.

कुंडीतलं गवत

इथे वरचे बरेच नियम बदलतात. उन्हाळ्यात कुंडीला रोज, कधी दोनदा पाणी लागतं आणि थंडीतही ती पूर्ण कोरडी पडू देता येत नाही. पाणी ओतताच बुडातून धो धो निघून गेलं, तर कुंडी भिजली असं समजू नका. बहुधा माती आकसून कडेला फट पडलेली असते आणि पाणी तिथून खाली पळतं. कुंडी पाण्याच्या टबात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत राहू द्या, मग काढून पूर्ण निथळू द्या. खालची बशी रिकामी करा. कडेवर पांढरी पुटं दिसत असतील तर महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट आकारमानाचं गोडं पाणी सावकाश आरपार जाऊ द्या. एवढं करूनही दुसऱ्या दिवशी गवत सुकत असेल, तर कुंडी उलटी करून बघा. आत मातीपेक्षा मुळंच जास्त असतील, तर ठोंब विभागायची वेळ झाली आहे.