पळसाचं कागदी झुंबर : कात्री हातात घेण्याआधी

होळीच्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याला, पाल गावाकडे किंवा तोरणमाळच्या वाटेवर, एकही पान नसलेला पळस केशरी पेटलेला दिसतो. खरी फुलं घरात आणली तर लगेच माना टाकतात. पाडव्याला टांगलेलं झुंबर आखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत), म्हणजे महिनाभर टिकवायचं असेल तर ती कागदाचीच करावीत. आणि ती टिकणार की नाही हे कागदापेक्षा जागेवर ठरतं, म्हणून तयारीच्या यादीत सगळ्यात आधी टांगायची जागा.

पंखा नेहमीच्या वेगावर लावा, हातभर दोऱ्याला कागदाचा कपटा बांधा आणि खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात धरून बघा. कपटा संथ फिरला तर जागा पक्की. फडफडला तर पुढे सरका. पंखा बंद करून बघण्यात काही अर्थ नाही, चैत्रात आपल्याकडे तो बंद असतोच कधी? कूलरच्या तोंडासमोर तर मुळीच नको. त्या ओलसर हवेत क्रेप कागद ढिला पडतो. पश्चिमेच्या खिडकीतल्या उन्हात रंग उडतो. देवघराची समई आणि गॅसची शेगडी यांच्यापासून चांगलं लांब. सगळ्यात खालचं फूल घरातल्या उंच माणसाच्या डोक्याला लागू नये, हेही आत्ताच मोजा.

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात लाकडी कडीपाटाला पाळण्याची कडी बहुधा असतेच, मग प्रश्न मिटला. स्लॅबच्या घरात चिकटणारा हुक चालतो, पण चुना मारलेल्या भिंतीवर तो धरत नाही. तिथे पडद्याचा दांडा बरा.

सांगाड्याला बाजारातून रिंग आणू नका. कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे वाळलेल्या काड्या, या दिवसांत बांधावर रचलेल्या असतात. पेन्सिलीएवढ्या जाड, सरळ अशा तीन निवडा, वरची एक हातभर आणि तिच्याखाली टांगायच्या दोन वीतभर. त्यांवर राहिलेली किडकी बोंडं शेतातच तोडून टाका. गुलाबी बोंडअळी त्यातच दडून बसते, ती घरी कशाला आणायची? मग काड्या एक-दोन दिवस उन्हात.

आता कागद. केशरी क्रेपचा एक ताव वीस फुलांना पुरून उरतो. दुकानदाराकडे गणपतीतला किंवा शाळेच्या गॅदरिंगमधला उरलेला माल असतो, म्हणून घडी उलगडून कडा बघा. फिकट पट्टा दिसला तर दुसरा मागा. देठाकडच्या वाटीसाठी काळपट तपकिरी मखमली कागद हवाच. पळसाची ओळख केशरी रंगाइतकीच त्या काळसर वाटीत आहे, हिरवी वाटी लावली की ते कुठलंही फूल होतं. साच्यासाठी जुनी लग्नपत्रिका घ्या. एका फुलाला चार तुकडे: मागे वळणारी रुंद पाकळी, दोन बाजूच्या अरुंद आणि पोपटाच्या चोचीसारखी बाकदार एक, जी दुमडून चिकटवायची. लांबी सात सेंटिमीटरच्या आसपास ठेवा, खऱ्यापेक्षा किंचित मोठी. साचा ठेवताना क्रेपच्या सुरकुत्या पाकळीच्या लांबीला समांतर हव्यात. आडव्या आल्या तर अंगठ्याने ताणून पाकळीला खोलगटपणा देता येत नाही आणि ताव वाया जातो.

फेव्हिकॉल बाटलीतून थेट लावू नका. झाकणात थोडासाच काढा, उन्हाळ्यात तो बघता बघता सुकतो. काडीने टिपका लावा, जास्त लागला तर क्रेपचा रंग सुटतो. गव्हाच्या पिठाची खळही चालते, पण मुंग्या आणि झुरळं तिच्यावर येणारच, माझं मत तिच्या विरोधात. दोरा गोधडी शिवायचा. नायलॉनच्या गाठी सरकतात. सुई मोठ्या नेढ्याची, आणि कापलेल्या पाकळ्या ठेवायला झाकणाचा डबा, नाहीतर पंख्याखाली त्या घरभर शोधाव्या लागतात.

दिवस निवडताना घरात बिबडे (ज्वारीचे पापड) घालायचे आहेत का ते विचारा. त्या दिवशी खाट, गच्ची आणि माणसं यांपैकी काहीच तुमच्या वाट्याला येणार नाही.

टांगताना खालच्या आडव्या काड्यांपासून सुरुवात करा. फुलं बांधून झाली की काडी दोऱ्याच्या फासात धरून सरकवत राहा. जड बाजू मधल्या दोऱ्याच्या जवळ आली की काडी सपाट होते. तिथे गाठ मारा, पण पक्की नको. वर चढवल्यावर तोल पुन्हा थोडा बदलतो, म्हणून स्टूल धरायला एक माणूस आणि खाली उभं राहून कुठली बाजू कलली हे सांगायला दुसरं, अशी दोघं आधीच ठरवून ठेवा.